लोटन आबांच्या नावाची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी लोटन आबांनी ठरवलं, आपल्या झाडाची घागर आजच ठेवायची. उद्या नाही, परवा नाही, आजच. यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. पण आबांचं असं आहे, की बायको, सुंदरबाई, एकदा "नको" म्हणाल्या की ती गोष्ट पक्की होते. (सुंदरबाईंच्या हे उशिरा लक्षात आलं. नाहीतर त्यांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला उलटंच सांगितलं असतं आणि सुखात राहिल्या असत्या.)

आधी हे घागरीचं खूळ काय ते सांगायला पाहिजे.

देवपुरातल्या त्यांच्या कॉलनीत सावली ग्रुप म्हणून एक मंडळ आहे. झाडं लावणाऱ्यांचं. पावसाळ्यात ही मंडळी खड्डे खणतात, खड्ड्यांसोबत फोटो काढतात, मग झाडं लावतात आणि झाडांसोबत फोटो काढतात. हिवाळ्यात गवत काढायला म्हणून जमतात, कापसाच्या काड्या पेटवून वांगी भाजतात, भरीत-भाकरी खाऊन ढेकर देत घरी जातात. गवत आहे तिथंच असतं. उन्हाळा आला की निम्मा ग्रुप पोरांना घेऊन गावाला पळतो आणि उरलेला निम्मा, पळालेल्यांच्या झाडांना शिव्या देत पाणी घालतो.

आबा पहिली दोन वर्षं या ग्रुपला ओट्यावर बसून नावं ठेवत होते. जन्म गेला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलवून घेण्यात, हमालांवर ओरडण्यात. शाळा दुसरीपर्यंत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झाडाला उगवायचं असेल तर ते उगवतं, त्याला मंडळ कशाला लागतं? मग एका पावसाळ्यात ग्रुपने आबांच्याच दारासमोर निंब लावला आणि त्याला नाव दिलं, 'लोटन आबांचं झाड'. त्या दिवसापासून आबा ग्रुपात आले. आता ते ग्रुपला आतून नावं ठेवतात.

तर घागरी. कल्पना पुनम मॅडमची. मॅडम कॉलेजात शिकवतात आणि ग्रुपच्या सेक्रेटरी आहेत. त्यांनी सांगितलं, मातीच्या घागरीच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, भोकातून सुताची वात ओवायची, घागर झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरायची आणि भरून ठेवायची. पाणी वातीतून थेंबथेंब झिरपतं. रोज बादल्या वाहायला नकोत. घागर ज्याची त्याची. "मला वाटलं ही तुमची" असं कोणी म्हणू नये म्हणून प्रत्येक घागरीवर पांढऱ्या रंगात सभासदाचं नाव लिहायचं. आता आखाजीच्या तोंडावर कुंभाराकडे काय मिळणार? नव्याकोऱ्या लाल घागरी. आखाजीच्या. त्याच उचलून आणल्या.

"आजचा दिवस सोडा," सुंदरबाई म्हणाल्या. "आखाजी आहे. आज घागर कोणाच्या नावानं भरतात?"

"गेलेल्याच्या."

"मग?"

"ती घरात भरतात. पाटावर. गव्हावर मांडतात, वर डांगर ठेवतात. ही माझी घागर निंबाखाली, गळ्यापर्यंत मातीत. बघणाऱ्याला डोळे आहेत का नाहीत?"

"आज बघणारं कोण येणार आहे, ते माहीत आहे ना?"

हे मात्र आबांना माहीत होतं. आज चिंधा नाना येणार होते. चिंधा नाना म्हणजे आबांचे व्याही, साक्रीकडच्या एका गावचे. देहाने बारीक. आबांच्या लेकीच्या, दिपमालाच्या लग्नात त्यांनी हौसेने मोठा फेटा बांधला होता आणि आबा भर मांडवात म्हणाले होते, "नाना, फेटा तुम्ही घातला का फेट्यानं तुम्हाला घातलं?" मांडव हसला. नाना हसले नाहीत. त्या दिवसापासून दिपमाला आखाजीला माहेरी आली नाही. तीन आखाज्या कोरड्या गेल्या. कॉलनीतल्या सगळ्यांच्या लेकी येऊन मागच्या गल्लीतल्या मोठ्या निंबाला झोके बांधायच्या, गाणी म्हणायच्या, आणि सुंदरबाई खिडकी लावून घ्यायच्या. यंदा निरोप आला होता. मुलगा आणि सून मोटारसायकलने येतील, नाना स्वतः एसटीने पुढे येतील. एकदा याह्याला, म्हणजे व्याह्याला, समोरासमोर बघायचं आहे म्हणाले.

"आज तुमच्या तोंडातून एक शब्द वाकडा गेला," सुंदरबाईंनी बोट उगारलं, "तर पोरगी पुन्हा दिसायची नाही. नाना म्हणतील त्याला हो म्हणायचं. आणि शहरातल्या माणसासारखं बोलायचं. गोड."

"हो म्हणेन," आबा म्हणाले. "सगळ्याला हो म्हणेन. पण घागर आजच ठेवेन."

आणि पहार घेऊन बाहेर पडले.

जमिनीने मात्र त्यांना हो म्हटलं नाही. वैशाखातली जमीन. पहार मारली की टण्ण करून उडायची. चार घाव घातले, चार टिकल्या पडल्या. गळ्यापर्यंत पुरायची घागर बोटभरसुद्धा बसेना. आबांनी जमिनीला तिच्या मातोश्रींपर्यंत जाऊन विचारलं, मग घागर वरच ठेवली. हलू नये म्हणून खाली घरातला गव्हाचा भुसा ओतला. भुशात थोडे गहूही होते. (सुंदरबाईंचं पाखडणं तसं घाईचंच.)

तेवढ्यात पुनम मॅडम आल्या. त्यांनी घागरीला कुंकवाची बोटं लावली आणि झेंडूची माळ घातली.

"हे कशाला?"

"आबा, तुमच्या घागरीपासून शुभारंभ."

पाणी ओतलं. मॅडम पुढच्या गल्लीत गेल्या. लगेच एक कुत्रं येऊन घागरीत तोंड घालायला लागलं. आबांनी त्याला हाकललं. ते पुन्हा आलं. झाकायला दगड ठेवावा तर काठ फुटेल. ताटली आणावी तर सुंदरबाईंना विचारावं लागेल. किराणा दुकानवाले मिश्रीलालजी, तेही ग्रुपचे सभासद, सकाळीच सगळ्यांना एकेक डांगर वाटून गेले होते. बाहेरचे लोक त्याला खरबूज म्हणतात. आबांनी ते घागरीच्या तोंडावर बसवलं. नेमकं बसलं. जणू त्याच घागरीसाठी वेलीला लागलं होतं.

नाना दुपारच्या आत येत नाहीत असं धरून आबा उन्हासाठी डोक्यावरून पंचा घेऊन ग्रुपबरोबर नदीकडच्या मोकळ्या जागेत गेले. सुंदरबाई कुलूप लावून मागच्या गल्लीत बेबाबाईंकडे गेल्या, कारण खापरावरच्या पुरणपोळ्या चुलीवरच होतात आणि चूल आता अख्ख्या कॉलनीत बेबाबाईंच्या अंगणातच उरली आहे.

आणि मागे दारात काय राहिलं? खाली गहू. वर लाल घागर. घागरीला सूत. कुंकू. माळ. डांगर. आणि मोठ्या अक्षरांत नाव: लोटन आबा.

तिथं चिंधा नाना आले.

नानांचं पुढे काय झालं हे नंतर सगळ्यांना जोडून जोडून कळलं. नाना एसटीत उभे राहून आले होते. पत्ता विचारत दारापर्यंत पोचले, तर दाराला कुलूप आणि समोर ही घागर. त्यांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणजे लोटन गेला. आज गेला नाही, आधीच कधीतरी गेला, आणि आज त्याची घागर भरली. आणि आपल्याला, प्रत्यक्ष व्याह्याला, कोणी कळवलं नाही. शेजारी विचारावं तर कसं? "लोटन कधी गेला हो?" असं व्याह्यानं विचारायचं? मग शेजारी म्हणणार, तुम्हाला नाही सांगितलं का? ही इज्जत चारचौघांत घालवण्यापेक्षा नानांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि घागरीसमोर मांडी घालून रडायला बसले.

शेजारच्या भटू अण्णांनी खिडकीतून पाहिलं. लोटन आबांच्या दारात व्याही रडतो आहे. म्हणजे व्याह्यांकडे कोणीतरी गेलं. अशा वेळी कोण गेलं, असं विचारत नाहीत. येऊन बसतात. अण्णा येऊन बसले. अण्णांना बघून समोरचे आले. समोरच्यांना बघून कोपऱ्यावरचे. तासाभरात निंबाच्या फाटक्या सावलीत आणि सावलीबाहेरही पुरुषमंडळी खाली माना घालून बसली. एवढ्या सगळ्यांत एकालाही माहीत नव्हतं की कोण गेलं, आणि प्रत्येकाची खात्री होती की शेजारच्याला माहीत असणार.

दुपारी आबा आणि मिश्रीलालजी परत आले. आबांनी लांबून दारातली गर्दी बघितली आणि त्यांचे पाय जागीच थांबले. दाराला कुलूप. सुंदरबाई दिसत नाहीत. दिपमाला मोटारसायकलने येणार होती. त्या माणसाने आयुष्यात कधी देवाला हात जोडले नव्हते. त्यांनी पंचा घट्ट धरला.

"मिश्रीलालजी," ते म्हणाले, "तुम्ही विचारा. मला विचारवत नाही."

मिश्रीलालजी भटू अण्णांच्या कानाशी वाकले. परत आले.

"बाईमाणूस नाही, आबा. पुरुष आहे. 'तो गेला, कधीच गेला' असं नाना म्हणतात. त्यांच्याकडचंच कोणी."

आबांच्या अंगात जीव परत आला. मग त्यांना आठवलं, नानांचा थोरला भाऊ नव्वदीला टेकला होता. तोच असणार. बिचारे नाना, असल्या दिवशी एवढ्या लांब फक्त हे सांगायला आले. आबांना एकदम सुंदरबाईंचं बोट आठवलं. गोड बोलायचं. शहरातल्या माणसासारखं. सगळ्याला हो. ते माणसांतून वाट काढत नानांच्या मागे जाऊन बसले, पंचा अजून डोक्यावरच होता, आणि त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला.

"शांत व्हा नाना," आबा म्हणाले. असा आवाज त्यांनी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. सुंदरबाईंनीसुद्धा ओळखला नसता. "जाणारे गेले."

"गया," नाना उपरण्यातूनच म्हणाले. "आनि माले कोनी सांगं बी नही."

"सांगायला हवं होतं. घरच्यांची चूक आहे."

"मानूस तसा वाईट नव्हता."

"नव्हता."

"पन तोंड. तोंड भलतं वाईट."

आबांनी थोरल्या भावाला लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही जेवताना. पण हो म्हणायचं ठरलं होतं. "तोंड तर होतंच वाईट," ते म्हणाले.

"घरना लोके वैतागी जायेल व्हतात."

"वैतागणारच. असा माणूस घरात म्हणजे रोजची कटकट. सुटले म्हणायचे बिचारे."

"इतलं बी नही," नाना म्हणाले.

"नाही, इतकं नाही," आबांनी लगेच मान हलवली.

"अक्कल व्हती त्याले."

"होती."

"पन कधी वापरी नही."

"अशी माणसं मी पाहिली आहेत," आबा म्हणाले. "त्यांच्यासाठी जास्त रडू नये नाना. वयही झालं होतं."

"कसानं वय? मना बरोबरीना व्हता."

इथं आबा गोंधळले. बरोबरीचा? मग थोरला भाऊ नव्हे. मग मावसभाऊ असेल. का मेहुणा? त्यांनी मनातल्या मनात नानांची सगळी भाऊबंदकी रांगेत उभी केली आणि एकेकाचं तोंड तपासलं. इतकं वाईट तोंड कोणाचंच सापडेना.

"तीन वर्स झायात," नाना पुढे म्हणाले. "माले भर मांडवमा बोलना व्हता. बठ्ठा लोके हासनात. मी जवाब तयार करी ठेयेल व्हता. तीन वर्स. आज तो जवाब देवाकरता उनू. आते कोनले देऊ?"

आबांनी कान टवकारले. पण वळण लागलं होतं, जीभ तशीच गोड चालली. "काय जवाब होता नाना?"

नानांनी उपरण्याआडून घागरीकडे तोंड केलं आणि तिला उद्देशून, एकेक शब्द तोलून म्हणाले, "फेटा मोठा ऱ्हायना ते डोकं झाकाई जास, लोटन. पन तोंड मोठं ऱ्हायनं ते काहीच झाकाई जात नही."

बसलेल्यांपैकी दोघं-तिघं हुंदका आल्यासारखं करून हसले.

आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपली घागर समोरून पाहिली. सकाळपासून ती त्यांनी मागून, वरून आणि कुत्र्याच्या बाजूने पाहिली होती. गहू दिसले. सूत दिसलं. डांगर दिसलं. मग ते एकेक अक्षर लावत खाली आले. वाचायला त्यांना फारसं येत नाही, पण एवढी अक्षरं येतात, कारण पगाराच्या वेळी तेवढीच लिहावी लागायची.

"नाना," ते म्हणाले, आणि आता आवाज आपला आपण मूळ पदावर आला, "मीच शे."

"कोन मीच?"

"लोटन."

"लोटन मरी गया," नाना उपरणं न काढता म्हणाले.

"नही मरा."

"तुले काय माहीत?"

आबांनी आधाराला मिश्रीलालजींकडे बघितलं. मिश्रीलालजी आकाशाकडे बघत होते. शेवटी आबांनी डोक्यावरचा पंचा काढला आणि नानांच्या तोंडावरचं उपरणंही काढलं. दोघे व्याही तीन वर्षांनी समोरासमोर आले. नानांनी आबांकडे बघितलं, घागरीकडे बघितलं, पुन्हा आबांकडे.

"मंग हाई कोननी घागर शे?"

"मनीच."

"तुनी? जित्ता मानूसनी?"

"झाडाकरता शे. पानीकरता."

"आखाजीना दिन? गहूवर? डांगर ठीसन?"

"कुत्रं तोंड घालतं," आबा म्हणाले.

मागे कुजबूज सुरू झाली. भटू अण्णा उठून उभे राहिले. "म्हणजे गेलं कोण मग?" त्यांनी समोरच्याला विचारलं. समोरच्याने कोपऱ्यावरच्याला विचारलं. कोपऱ्यावरचा म्हणाला, मला काय माहीत, मी तर तुम्हाला बघून बसलो. कोणी गेलंच नाही हे पुरतं कळायला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर लोकांचे चेहरे जरा पडले. एवढ्या उन्हात बसले होते बिचारे.

तेवढ्यात सुंदरबाई डोक्यावर पोळ्यांची टोपली घेऊन आल्या. एक नजर घागरीवर, एक व्याह्यांच्या सुजलेल्या डोळ्यांवर, एक नवऱ्यावर. कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

"जे रडले," त्या म्हणाल्या, "त्यांनी आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"अगं, मेलं कोणीच नाही."

"ते मला नका सांगू. रडलात ना?"

"मी नाही रडलो."

"तुम्ही बसला होतात. आपल्याच घागरीपुढे."

नळाला पाणी परवा येणार होतं. घरातलं पिण्याचं. मग उरली ती आबांच्या नावाची घागर. डांगर काढलं, माळ काढली, आणि निंबाच्या बुडाशी उभं राहून आबांनी नानांच्या डोक्यावर पाणी ओतलं. मग नानांनी आबांच्या. नानांनी जरा जोरातच ओतलं. घागर संपली तसे भटू अण्णा आपल्या नावाची घेऊन आले, कारण तेही बसले होते. मग समोरचे. मग कोपऱ्यावरचे. त्या निंबाला लावल्यापासून एवढं पाणी कधी मिळालं नव्हतं. पुनम मॅडम आल्या तेव्हा गल्लीतून ओहोळ वाहत होता आणि कॉलनीतले पुरुष झाडाखाली ओलेचिंब उभे होते. मॅडमना वाटलं, सभासदांनी आपल्या मनानेच काही नवीन सुरू केलं. त्यांनी फोटो काढला आणि आबांचं अभिनंदन केलं. आबांनी ते घेतलं. त्या दिवशी त्यांना दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

त्याच वेळी मोटारसायकल आली. दिपमाला उतरली ती तशीच उभी राहिली. बाप आणि सासरा एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतत होते. नवऱ्याला तिने विचारलं, "आज कोणता सण आहे म्हणालात?"

"ये बेटा," नाना केस निथळत म्हणाले. "मना जवाब देवाई गया. आते दरवर्षी येत जा आखाजीले."

सुंदरबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला. (नाहीतर त्यांनाही आंघोळ करावी लागली असती.)

संध्याकाळी नव्हे, पण उशिराच पानं वाढली गेली. खापराची पोळी, आमरस, कटाची आमटी. बाहेर दिपमाला मैत्रिणींबरोबर मागच्या गल्लीतल्या निंबाच्या झोक्यावर बसली होती. तिचं गाणं आत ऐकू येत होतं. आबांचं मन भरून आलं होतं. असं त्यांच्या मनाचं फारसं होत नाही, त्यामुळे काय करायचं ते त्यांना कळेना. ते नानांकडे सरकले.

"नाना, एक विचारू? तुम्ही माझ्यासाठी एवढं रडलात. तीन वर्षं राग धरलात, आणि तरी रडलात. म्हणजे आतून माया होतीच ना?"

नानांनी रसाची वाटी तोंडाला लावली, रिकामी केली, मिशी पुसली.

"खरं सांगू, लोटन याही? सकायपाइन उपाशी व्हतू. एसटीमा उभा ऱ्हाईसन उनू. आठे दखं ते दारले कुलूप, आनि घरमाइन आंबाना वास. माले वाटनं, बठ्ठं घर तुना नावनं पानी सोडाले नदीवर गयं. आते ते येतीन, आंघोया करतीन, मंग पानं वाढतीन. सांज व्हई जाई." त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. "पोट भरेल ऱ्हातं, ते इतलं रडू नसतं उनं."